हिमलोट : एका जुन्या भयाचा इतिहास

दोन हजार वर्षांपूर्वीं स्ट्रेबो नांवाचा एक ग्रीक भूगोलवेत्ता होऊन गेला. आल्प्स पर्वतांतील घाटवाटांविषयीं लिहितांना त्यानें असें नमूद केलें आहे कीं, तेथील प्रवाशास अरुंद वाटेवरून तोल जाण्याची जितकी भीति, तितकीच वरून घसरत येणाऱ्या हिमाच्या थरांची. कारण असा एखादा थर तांड्याच्या तांड्याला ओढून खालच्या दरींत लोटूं शकतो. एवढ्यावर न थांबतां तो त्याचें कारणहि देतो. हिम पडतें, गोठतें, त्यावर आणखी हिम पडतें, तेंहि गोठतें. अशा रीतीनें थरावर थर चढतात आणि वरचे थर खालच्यांपासून सहज सुटतात. स्ट्रेबोच्याहि सुमारें दीडशें वर्षें आधीं पॉलिबियस ह्या इतिहासकारानें हॅनिबलच्या स्वारीची हकीकत लिहून ठेवली. ख्रिस्तपूर्व २१८ सालीं तें सैन्य आल्प्स उतरत असतां, मागील हिवाळ्याच्या जुन्या हिमावर त्या वर्षींचें नवें हिम पडलेलें होतें. वरच्या मऊ थरांत पाय रुते, आणि खालच्या कठीण थरावर पोंचला कीं घसरे. माणसें आणि जनावरें ह्या एकाच कारणानें कड्यावरून गेलीं.

म्हणजे नव्या हिमाचें जुन्या हिमाशीं पटत नाहीं, ही गोष्ट मनुष्यास कांहीं काल-परवां कळलेली नाहीं. असें असतां विसाव्या शतकांत, आणि एकविसाव्यांतहि, त्याच कारणानें शेंकडों माणसें कां मरावींत? आजच्या भाषणांत ह्या प्रश्नाचा थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

प्रथम शब्दांविषयीं थोडेंसें. आपल्याकडे बर्फ म्हटलें कीं उसाच्या रसांतला खडा, किंवा मासळीबाजारांतील भुशानें माखलेली लादी डोळ्यांपुढें येते. आकाशांतून पडतें तें हिम. त्याचा बर्फ होण्यास बराच काळ जावा लागतो, आणि त्या मधल्या काळांतच सारें नाट्य घडतें. आपल्या सह्याद्रींत हिम नाहीं, पण दरडी आहेत. पावसानें भिजून जड झालेली माती डोंगरावरून एकदम सुटते, तेव्हां काय होतें हें महाराष्ट्रास सांगावयास नको. ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव असेंच नाहींसें झालें, आणि दीडशेंवर माणसें मातींत गेलीं. हिमलोट म्हणजे हिमाची दरड, असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं. भेद इतकाच कीं, मातीची दरड सुटावयास माणसाचें एक पाऊल पुरत नाहीं. हिमाची सुटावयास तें पुष्कळदां पुरतें.

हे लोट मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्यांत सुटें, भुसभुशीत हिम एका बिंदूपासून निघतें आणि सुपांतून धान्य ओघळावें तसें खालीं पसरत जातें. हा प्रकार बहुधा कमी घातक. दुसऱ्यांत उताराचा विस्तीर्ण तुकडाच्या तुकडा, वरच्या कडेला सुरीनें कापल्यासारखी भेग पडून, एकसंध लादीसारखा सुटतो. क्षणांत त्या लादीचे तुकडे होतात, तुकड्यांचा चुरा होतो, आणि हिम कोरडें असेल तर तो चुरा हवेंत मिसळून ढगासारखा धांवतो. अशा ढगाचा वेग ताशीं २०० किलोमीटरांच्याहि पुढें जाऊं शकतो. गिर्यारोहक आणि स्कीवरून डोंगर उतरणारे हौशी लोक मरतात ते बहुतेक ह्या लादीच्या लोटांत. आणि लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, अशा अपघातांपैकीं दहांतील सुमारें नऊ प्रसंगीं ती लादी त्यांच्याच, किंवा त्यांच्या सोबत्यांच्या, भारानें सुटलेली असते.

हें कसें घडतें? हिवाळ्याच्या आरंभीं डोंगरावर थोडें हिम पडलें आणि मग कित्येक दिवस आकाश निरभ्र राहिलें, असें समजा. जमिनींत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असल्यामुळें हिमाचा तळ शून्य अंशाच्या आसपास असतो. वरची हवा मात्र शून्याखालीं वीस अंशांपर्यंत उतरलेली असते. थर जितका पातळ, तितका हा फरक तीव्र. खालची ऊब वर जाऊं पाहते, तिच्याबरोबर पाण्याची वाफ कणाकणांमधून वर सरकते, आणि हिमाचे मूळचे नाजूक स्फटिक झडून त्यांच्या जागीं मोठे, कोनदार, पेल्याच्या आकाराचे कण तयार होतात. ओंजळींत घेतले तर जाड्या साखरेसारखे बोटांमधून निसटतात. एकमेकांस धरून राहण्याची शक्ति त्यांच्यांत उरत नाहीं. दुसराहि एक प्रकार आहे. निरभ्र रात्रीं हिमाच्या पृष्ठावर, आपल्याकडे गवतावर दंव यावें तसे, पिसांसारखे स्फटिक चढतात. सकाळच्या उन्हांत ते असे चमकतात कीं पाहत राहावें. पण पुढील हिमवृष्टींत ते गाडले गेले म्हणजे त्यांचाच अत्यंत दगाबाज थर बनतो. ह्या दुबळ्या थरावर मग वारा नवें हिम आणून घट्ट दाबून बसवितो. वरून पाहिलें तर भक्कम फरसबंदी, आणि आंत पत्त्यांचा बंगला. एके ठिकाणीं तो थर चिरडला कीं त्याचें ढासळणें उतारावरून आडवें पसरत जातें, आणि चालणाऱ्याच्या कितीतरी वर भेग उघडते. कधीं कधीं त्या वेळीं पायांखालून 'धप्प' असा कोंडलेला आवाज येतो. जाणते लोक तो ऐकतांच माघारीं फिरतात.

उताराचें मानहि ठरलेलें आहे. तीस अंशांच्या आंतील उतारावर अशी लादी सहसा सुटत नाहीं. पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या पलीकडे हिम फारसें सांचतच नाहीं, पडतें तसें गळून जातें. घातक तो मधला पट्टा. दुर्दैव असें कीं, स्कीवाल्यास सर्वांत मौज वाटते ती ह्याच उतारावर, आणि गिर्यारोहकाची सोयीची चढणहि बहुधा हीच असते.

हें सारें शास्त्र अलीकडचें. त्यापूर्वीं आल्प्समधील शेतकऱ्यापाशीं दोनच साधनें होतीं, आठवण आणि झाडें. कोणत्या घळींतून लोट येतो हें आजोबांस ठाऊक असे, आणि तेथें कोणी घर बांधीत नसे. झाडांचें महत्त्व किती, ह्याचा लेखी पुरावा स्वित्झर्लंडमधील आंडरमाट येथें आहे. गांवावरच्या उतारावर अरण्याचा एक लहानसा तुकडा उरला होता. १३९७ सालीं तेथील लोकांनीं करारपत्र करून तो कायमचा राखून ठेवला. कुऱ्हाड तर नाहींच, पण तेथील फांदी किंवा फळसुद्धां कोणी उचलूं नये, असा त्यांत निर्बंध आहे. आपल्याकडे देवराई राखतात ती देवाच्या धाकानें. ह्या लोकांनीं राखली ती हिमाच्या धाकानें. दाट झाडींत हिम खोडांना अडून राहतें, फांद्यांवरून गोळ्यागोळ्यांनीं पडून खालचे थर मोडतें, आणि अखंड लादी जमूंच शकत नाहीं. वरून सुटून आलेला मोठा लोट मात्र झाडांनीं थांबत नाहीं. तो त्यांनाच मोडून पुढें जातो. पुढें ठिकठिकाणीं लांकडासाठीं उतार बोडके झाले, तेव्हां ही राखण किती मोलाची होती हें लोकांस कळून आलें. एकोणिसाव्या शतकांतील स्विस वनाधिकारी योहान कोआझ ह्यानें, कोणता लोट कोठून निघतो व कोठवर जातो, ह्याची माहिती देशभर गोळा केली आणि १८८१ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हाच गृहस्थ १८५० सालीं पीत्स बर्निना ह्या शिखरावर सर्वांत प्रथम चढला होता; तेव्हां तो कचेरींत बसून लिहिणारा अधिकारी नव्हता हें उघड आहे. लोट कोठें येईल हें कोआझच्या नोंदींवरून सांगतां येई. कोणत्या दिवशीं येईल, हें मात्र त्यालाहि सांगतां येत नव्हतें.

पहिल्या महायुद्धानें ह्या अपुऱ्या ज्ञानाची परीक्षा घेतली. इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी ह्यांची सरहद्द आल्प्समधून जात असल्यामुळें, जेथें मेंढपाळहि हिवाळ्यांत थांबत नसे तेथें दोन्ही सैन्यांनीं बराकी उभारल्या. मार्मोलाडा पर्वताखालीं ग्रान पोझ येथें ऑस्ट्रियन सैन्याचें एक ठाणें होतें. जागा विचारपूर्वक निवडलेली होती; कड्याच्या आडोशामुळें इटालियन तोफांचे गोळे तेथें पोंचत नसत. गोळ्यांपासून सुरक्षित असलेली ही जागा हिमाच्या मात्र ऐन तोंडीं होती. १९१६ च्या डिसेंबरांत हिमवृष्टि थांबेना. ठाण्यावरील कप्तानानें वरिष्ठांस लिहून कळविलें कीं, येथें राहणें धोक्याचें आहे, ठाणें हलवावें. परवानगी मिळाली नाहीं. १३ डिसेंबरला पहाटे लोट आला, आणि सुमारें २७० माणसें बराकींत असतांच गाडून मेलीं. त्या दिवसांत त्या आघाडीवर दोन्ही बाजूंस असे आणखीहि लोट कोसळले. ह्या प्रसंगास पुढें 'पांढरा शुक्रवार' असें नांव पडलें. वस्तुतः १३ डिसेंबर १९१६ रोजीं बुधवार होता; पण अशीं नांवें देणारे लोक पंचांग पाहत नाहींत.

कप्तानाचें तें पत्र मला ह्या साऱ्या इतिहासांत फार महत्त्वाचें वाटतें. उताराखालीं राहणाऱ्यास धोका दिसत होता. निर्णय घेणारा त्या उताराखालीं राहत नव्हता.

सहा वर्षांनीं हिमालयांत एक निराळ्या तऱ्हेची दुर्घटना घडली. ती जरा सावकाश सांगितली पाहिजे. १९२२ सालीं जनरल ब्रूस ह्यांच्या नेतृत्वाखालीं एव्हरेस्टचें शिखर गांठण्याचा पहिला खराखुरा प्रयत्न झाला. मे महिन्यांत दोन चढाया झाल्या. दुसरींत फिंच व जेफ्री ब्रूस हे सुमारें २७,३०० फुटांपर्यंत पोंचले. त्यापूर्वीं एवढ्या उंचीवर कोणीहि चढून गेलेलें नव्हतें. मोसमी पाऊस तोंडावर आला होता, तरी तिसऱ्या प्रयत्नाचा मोह आवरेना. जूनच्या पहिल्या आठवड्यांत जोराची हिमवृष्टि झाली, मग आकाश उघडलें. जरासें थांबून ७ जूनला सकाळीं तिसऱ्या छावणींतून सतरा माणसें नॉर्थ कोल ह्या खिंडीकडे निघालीं. मॅलरी, सॉमरव्हेल व क्रॉफर्ड हे तीन इंग्रज, आणि चौदा भारवाहक.

नवें हिम इतकें होतें कीं पाय गुडघ्यापर्यंत जात होते. तिघांपैकीं कोणी नवखा नव्हता. मॅलरीची तर आल्प्समधील गिर्यारोहक म्हणून मोठी कीर्ति होती. धोका असूं शकेल हें त्यांस ठाऊक होतें, म्हणून चढणीच्या एका उभ्या भागावर त्यांनीं हिमाची मुद्दाम परीक्षा घेतली. हिम हललें नाहीं. मग पुढच्या सौम्य उताराविषयीं शंका घेण्याचें कारण उरलें नाहीं, असें त्यांस वाटलें. दुपारीं दीडच्या सुमारास, खिंड सहाशें फुटांवर राहिली असतां, एकाएकीं दारूचा बार उडावा तसा आवाज झाला आणि उताराचें पृष्ठ फाटून चालूं लागलें.

पहिल्या दोरावर तिघे इंग्रज व एक भारवाहक होते. ते हिमाखालीं गेले, पण तेथें लोट मंदावला आणि ते धडपडून बाहेर आले. त्यांच्या मागील दोरावरचे चौघेहि कांहीं अंतर खालीं जिवंत दिसले. शेवटच्या दोन दोरांवरचे नऊ जण मात्र दिसेनात. त्यांच्या खालीं बर्फाचा चाळीस ते साठ फुटांचा कडा होता, आणि कड्याच्या पायथ्याशीं खोल भेग. लोटानें त्यांस कड्यावरून त्या भेगेंत टाकलें आणि वरून हिम ओतलें. खणून खणून दोघांस जिवंत बाहेर काढलें. सात जण मेले. त्यांच्या सोबत्यांची इच्छा अशी पडली कीं प्रेतें तेथेंच राहूं द्यावींत. मग तिसऱ्या छावणींत त्यांच्या स्मरणार्थ दगडांची एक रास रचण्यांत आली.

काय चुकलें? आल्प्समध्यें अशा उन्हानें नवें हिम एकदोन दिवसांत दबून बसतें; तेथील अनुभव सांगत होता कीं आतां हरकत नाहीं. बावीस-तेवीस हजार फुटांवरील थंडींत तोच हिशेब लागू पडत नाहीं. शिवाय एके जागीं हिम हललें नाहीं, एवढ्यावरून शेजारच्या उतारावर तें हलणार नाहीं असें अनुमान काढतां येत नाहीं. दुबळा थर सर्वत्र सारखा पसरलेला नसतो, हें पुढील काळांत अनेक उतारांवर खड्डे खणून केलेल्या मोजमापांवरून स्पष्ट झालें. आणि सतरा माणसें एकाच वेळीं एकाच उतारावर! त्या पिढीस ह्यांत विशेष वावगें दिसलें नाहीं. निर्णय तिघांचा होता. भार मात्र सतरा जणांचा उतारावर होता.

मॅलरीनें दोष स्वतःकडे घेतला. दोन वर्षांनीं तो त्याच पर्वतावर नाहींसा झाला, आणि त्याचें शव थेट १९९९ सालीं सांपडलें. सॉमरव्हेलला सलत राहिलें तें निराळेंच. मेले ते सातहि भार वाहणारे, इंग्रजांपैकीं एकहि नाहीं. आपल्यांपैकीं एखादा त्यांच्याबरोबर गेला असता तर बरें झालें असतें, अशा अर्थाचें त्यानें लिहून ठेवलें आहे. मोहीम संपल्यावर तो दक्षिणेस उतरला, त्रावणकोरांतील नेय्यूर येथें मिशनच्या इस्पितळांतील रुग्णांची गर्दी त्यानें पाहिली, आणि लंडनमधील शस्त्रवैद्याची जागा नाकारून तो तेथें येऊन राहिला. १९६१ पर्यंत दक्षिण भारत हीच त्याची कर्मभूमि होती. उतारावरील ते सात मृत्यु आणि हा निर्णय ह्यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो. परंतु त्यानें स्वतः कारण सांगितलें तें रुग्णांचें, आणि तेंच आपण मानावें.

डोळ्यांच्या अंदाजाऐवजीं हिमाचें मोजमाप करावें, ही कल्पना नेटानें हातीं घेतली ती स्वित्झर्लंडनें. पर्वतांत आतां आगगाड्या, विजेचीं धरणें आणि हिवाळी प्रवासी आले होते, आणि प्रत्येक लोटाची किंमत पैशांतहि मोजली जाऊं लागली होती. १९३१ सालीं ह्या संशोधनासाठीं एक मंडळ नेमण्यांत आलें. १९३६ पासून डाव्होस गांवाच्या माथ्यावर, वाइसफ्लुयोख येथें, सुमारें २,६६० मीटर उंचीवर, कांहीं तरुण मंडळी भर हिवाळ्यांत काम करूं लागली. त्यांच्यांतील हेन्री बाडर हा स्फटिकांचा अभ्यासक, तर रॉबर्ट हेफेली हा माती व भराव ह्यांचें बळ मोजणारा अभियंता. एकानें हिमाकडे खनिज म्हणून पाहिलें, दुसऱ्यानें बांधकामाचा माल म्हणून. त्यांच्या हातीं एक साधेंच साधन होतें. खुणा केलेली धातूची कांब हिमांत उभी धरावयाची, तिच्यावर ठराविक वजन ठराविक उंचीवरून सोडावयाचें, आणि प्रत्येक आघातासरशी ती किती खोल जाते तें टिपावयाचें. कठीण थरांत ती अडते, दुबळ्या थरांत भसकन् खालीं जाते. कागदावर जी आकृति उमटते ती त्या हिवाळ्याची कुंडलीच म्हणावी. कोणत्या हिमवृष्टीनंतर थंडी पडली, कोणत्या थरास ऊन लागलें, हें जाणत्यास तींतून वाचतां येतें. १९३९ सालीं ह्या मंडळींचा हिमाच्या रूपांतरावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्ट्रेबोनें नुसते पाहिलेले थर आतां मोजले जाऊं लागले.

ह्याहून मोठी गोष्ट, निदान नभोवाणीवरून बोलणाऱ्यास तरी अधिक मोठी वाटणारी, १९४५ सालीं घडली. त्या वर्षापासून ती संस्था हिमस्थितीचीं पत्रकें सर्व लोकांसाठीं काढूं लागली. जें ज्ञान गांवांतील म्हाताऱ्यांच्या स्मरणांत, किंवा कप्तानाच्या नाकारलेल्या पत्रांत होतें, तें आतां कोणाचीहि परवानगी न मागतां घराघरांत ऐकूं येऊं लागलें. तथापि पत्रक निघालें म्हणजे घर हलतें असें नाहीं. १९५०-५१ च्या हिवाळ्यांत स्वित्झर्लंडमध्यें ९८ माणसें हिमलोटांत मेलीं, आणि त्यांतील पुष्कळ आपल्या घरांत होतीं. त्यानंतर मात्र त्या देशानें हात आंखडला नाहीं. घातक भूमीचे नकाशे करून तेथें बांधकाम बंद केलें, उतारांवर पोलादी कठड्यांच्या ओळी रोवल्या, अरण्यें पुन्हां लावलीं. १९९९ च्या फेब्रुवारींत तसाच दारुण हिवाळा पुन्हां आला, तेव्हां तेथें १७ माणसें मेलीं. लोकवस्ती व प्रवासी कितीतरी पटींनीं वाढलेले असतां ९८ चे १७ झाले, हें लहान यश नव्हे. परंतु त्याच महिन्याच्या २३ तारखेस शेजारच्या ऑस्ट्रियांतील गाल्ट्यूर गांवीं लोट शिरला तो नकाशानें निर्भय ठरविलेल्या घरांतहि शिरला, आणि ३१ माणसें गेलीं. नकाशा मागील लोटांवरून काढतात. पुढच्या लोटावर त्याचें बंधन नसतें.

गाडल्या गेलेल्या माणसाविषयींहि एक हिशेब सांगितला पाहिजे. लोट थांबतांच त्याचें हिम चुन्याच्या गिलाव्यासारखें आवळतें. बोट हलवितां येत नाहीं. १९९४ सालीं स्वित्झर्लंडमधील अपघातांवरून असें दाखविण्यांत आलें कीं, पंधरा मिनिटांच्या आंत बाहेर काढलेल्यांपैकीं शंभरांतील ९२ जगतात. पस्तीस मिनिटें झालीं कीं ३० च. बहुतेक मरतात ते श्वास कोंडून. म्हणजे गांवांतून मदत येण्यास वेळच नसतो. वांचवितील तर बरोबरचेच. म्हणून आज असा प्रवासी संदेश पाठविणारें व टिपणारें लहानसें बिनतारी यंत्र छातीशीं बांधतो, आणि पाठीवर घडीची काठी व फावडें नेतो.

हिमालयांत हें सारें अधिक कठीण आहे. १९३७ च्या जूनमध्यें नंगा पर्वतावर एका रात्रींत सात जर्मन आणि नऊ शेर्पा असे सोळा जण तंबूंत निजले असतां गाडले गेले. १९३९ सालीं गढवालांतील चौखंबावर एका स्विस मोहिमेच्या वांट्यास लोट आला, आणि मेले ते पुन्हां दोन भारवाहकच. त्या मोहिमेचा नेता आंद्रे रोश पुढें डाव्होसच्या हिमलोटतज्ज्ञांत गणला गेला. भारतानें ह्या विषयासाठीं १९६९ सालीं मनाली येथें स्वतंत्र संस्था काढली. २०२० सालीं ती संरक्षण-संशोधन खात्याच्या एका नव्या संस्थेंत विलीन झाली. तिला आल्प्सचें ज्ञान जसेंच्या तसें वापरतां आलें नाहीं. पीर पंजालमध्यें हिम उदंड पडतें आणि हवा त्या मानानें उबदार. काराकोरमकडे हिम थोडें आणि थंडी भयंकर, म्हणजे साखरेसारखा तो दुबळा थर बनण्यास अगदीं अनुकूल. पीर पंजालच्या कुशींतील वाल्टेंगो नाड ह्या काश्मिरी वस्तीवर २००५ च्या फेब्रुवारींत लोट कोसळून दीडशेंहून अधिक माणसें मेलीं. सियाचीनच्या बाजूस ७ एप्रिल २०१२ रोजीं पाकिस्तानचें गयारी येथील ठाणें गाडलें गेलें, आणि १४० जण मेले. ३ फेब्रुवारी २०१६ रोजीं त्याच हिमनदीवरील आपल्या एका ठाण्यावर हिमाची व बर्फाची प्रचंड भिंत कोसळली आणि दहा जवान खालीं सांपडले. त्यांत एक आपल्या सातारा जिल्ह्यांतील होता. लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनीं जिवंत सांपडले तेव्हां साऱ्या देशानें श्वास रोखला, पण ११ तारखेस तेहि गेले. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं उत्तराखंडांत द्रौपदी का दांडा ह्या शिखराजवळ गिर्यारोहणाचें शिक्षण घेणारी एक तुकडी लोटांत सांपडली. सत्तावीस मृतदेह हातीं लागले, दोघे सांपडलेच नाहींत.

हिवाळ्यांत काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंड ह्या भागांसाठीं आतां जिल्हावार इशारे निघतात. अमुक जिल्हा, अमुक मीटरांच्या वर, पुढील चोवीस तास. इकडच्या वर्तमानपत्रांत ती ओळ आलीच तर कोपऱ्यांत येते. डोंगरांतील जाणत्या तुकड्या मात्र तिच्याबरोबर आणखी एक जुना नियम पाळतात. संशयास्पद उतार आला कीं सर्वांनीं थांबावयाचें. पाठीवरच्या ओझ्याचे पट्टे सैल करावयाचे, यंत्र चालू आहे ना तें पाहावयाचें, आणि एकेकट्यानेंच पलीकडे जावयाचें. एक जण पोंचेपर्यंत बाकीचे अलीकडे उभे राहून त्याच्यावरील नजर हलवीत नाहींत. कारण लोट आलाच, तर तो शेवटीं कोणत्या जागीं दिसला होता, तेथूनच खणावयास आरंभ करावा लागतो.